पान एकशे बारावरचा ब्लाऊज

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी अकरा चाळीसला पालघरच्या साहित्य संमेलनात, लेखकांच्या सह्यांसाठी मांडलेल्या टेबलावर एका बाईंनी माझी कादंबरी आणि एक चुकीचा कापलेला ब्लाऊज ठेवला. कादंबरीत एका पानाला टाचणी लावलेली होती. ब्लाऊज अजून शिवलेला नव्हता. त्याचे सुटे भाग जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते.

बाईंचं वय पंचावन्नच्या आसपास होतं. त्या बोईसरला शिवण क्लास चालवतात, असं त्यांनी सांगितलं. मी पेन उघडलं आणि कोणाच्या नावाने सही करू, असं विचारलं.

"सही नको," त्या म्हणाल्या. "आधी पान एकशे बारा बघा."

त्यांच्यामागे रांगेत पाच माणसं उभी होती. मी पान उघडलं. या कादंबरीची नायिका बोईसरच्या कामगार वस्तीत राहते आणि त्या पानावर ती पहिल्यांदा कोणाच्या मदतीशिवाय ब्लाऊज कापते. मजकूर असा आहे: छाती चौतीस. चौथा भाग साडेआठ. तिने खडूने साडेआठवर रेघ मारली आणि रेघेवरून कात्री चालवली.

या परिच्छेदाचं दोन परीक्षणांत कौतुक झालं होतं. एकात 'काटेकोर' असा शब्द होता. ते कात्रण माझ्याकडे आहे.

"रेघेवरून?" बाईंनी विचारलं.

"रेघेवरून."

"मग माया कुठे सोडली हिने?"

मापाच्या रेघेबाहेर शिलाईसाठी जे जादा कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. ब्लाऊजला ती साधारण दीड इंच असते. ती न सोडता कापलेला ब्लाऊज शिवला की अंगाला पाचेक इंच कमी पडतो आणि त्याचे हुक लागत नाहीत. हे मला ठाऊक आहे, कारण मी स्वतः शिवते.

"माझ्या क्लासमधल्या एकीने हे वाचून कापला," बाई म्हणाल्या. "काल सकाळी. गिऱ्हाईक चिंचणीचं आहे. त्यांच्या मुलीचं लग्न बुधवारी आहे, आणि हा नवरीच्या आईचा ब्लाऊज आहे. साडीबरोबरचा पीस. तसा दुसरा मिळत नाही."

"वाचून कापला?"

"शब्दाला शब्द. त्यांना अजून सांगितलेलं नाही. तीस वर्षांत माझ्याकडून कोणाचं कापड वाया गेलेलं नाही. आता चिंचणीत जाऊन काय सांगू, ते तुम्ही मला सांगा."

मी म्हणाले, तपासून सांगते. वर्तमानपत्रातल्या नोकरीत तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी हेच उत्तर दिलेलं आहे.

"तपासा," त्या म्हणाल्या. "लग्न बुधवारीच आहे."

त्यांनी ब्लाऊज परत गुंडाळला, माझ्या वहीत स्वतःचा फोन नंबर लिहिला आणि मांडवात जाऊन तिसऱ्या रांगेत बसल्या. रांगेतले पुढचे गृहस्थ मला म्हणाले, "बाईंना सही नाही दिलीत?"

मी एका दैनिकाची बातमीदार होते. पालघर जिल्हा झाला त्या दिवसाची बातमी मी पाठवली होती. नोकरी सोडल्यानंतर मी तीन कादंबऱ्या लिहिल्या. तिन्ही याच पट्ट्यातल्या आहेत, पालघरपासून तारापूरपर्यंतच्या. शिवण मात्र नोकरीत असतानाच शिकले. त्या क्लासमध्ये कापडाला हात लावण्याआधी रद्दीच्या पेपरवर कापायला शिकवायचे. एकदा माझ्या वाट्याला आलेल्या पेपरात माझीच नगरपरिषदेच्या सभेची बातमी होती. मी तिच्यातून बाहीची गोलाई कापली. शेजारची म्हणाली, "वाचली तरी होती का कोणी?" मी म्हणाले, "उपसंपादकाने."

कादंबऱ्या आल्यावर संमेलनांची आमंत्रणं येऊ लागली. वर्षात पाच-सहा होतात. मी एसटीने जाते, व्यासपीठावर दिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिट कमी बोलते आणि स्वतः शिवलेले कपडे घालते. सत्काराला शाल मिळते. अशा शाली साठतात. त्यांतल्या जाड शाली मधून कापून मी आत जुनी सुती साडी घालते आणि दुपटी शिवते. ओळखीतल्या घरांत बाळ आलं की ती जातात. दातिवरे गावात माझी अशी चार दुपटी आहेत. ज्या घरात ती आहेत तिथे माझं पुस्तक एकही नाही, आणि तिथे मला शिवणारी बाई म्हणूनच ओळखतात. मला त्यात कमीपणा वाटत नाही.

कादंबरीत पात्र जे शिवतं, ते मी आधी स्वतः शिवून पाहते. पान एकशे बारावरचा ब्लाऊजही मी शिवला होता. तो मला होतो. म्हणून त्या रविवारी टेबलावर बसून माझी पहिली समजूत अशी होती की चूक छापखान्याची असावी.

अडीच वाजता माझा परिसंवाद होता. विषय होता, कादंबरीतला स्थानिक तपशील. मी चौदा मिनिटं बोलले. ब्लाऊजचा उल्लेख केला नाही, कारण तपासणी झालेली नव्हती. भाषण संपल्यावर टाळ्या झाल्या. तिसऱ्या रांगेतल्या बाईंनी वाजवल्या नाहीत. त्यांच्या मांडीवर पुडकं होतं.

संध्याकाळी सात वाजता मी घरी कादंबरीचे सगळे खर्डे काढले. तिसऱ्या खर्ड्यात ते वाक्य होतं: चारी बाजूंना दीड इंच माया सोडली. चौथ्या खर्ड्यात त्यावर लाल रेघ होती आणि समासात 'अनावश्यक' असं लिहिलेलं होतं. अक्षर माझं होतं. जे वाक्य काढल्यावरही बातमी उभी राहते ते काढायचं, असं आम्हाला नोकरीत शिकवलं होतं. मी ते तसं काढलं. परिच्छेद त्यानंतर जास्त चांगला वाचला जातो. तो आजही तसाच चांगला वाचला जातो.

सात वाजून वीस मिनिटांनी मी बाईंना फोन केला आणि चूक माझी आहे, असं सांगितलं.

"ते मला कालपासून माहीत आहे," त्या म्हणाल्या. "उद्या दहाला या."

सोमवारी दहा वाजता मी बोईसरला क्लासवर पोचले. एका दुकानाच्या वरची खोली आहे. आठ मशीन, कापायचं एक मोठं टेबल, भिंतीवर मापांचा तक्ता. विद्यार्थिनी बहुतेक कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या घरांतल्या असतात. त्यातल्या निम्म्यांची घरची भाषा हिंदी आहे.

शनिवारी दुपारी क्लासमध्ये मशीन बंद असतात. सगळ्या जणी हातशिलाई करतात, हुक लावतात, काजं भरतात, आणि एक जण मोठ्याने पुस्तक वाचते. बाईंनी ही पद्धत स्वतः सुरू केली. त्यांच्या मते हात चालू असला की माणूस नीट ऐकतो, आणि हिंदी बोलणाऱ्या बायका त्यातून मराठी शिकतात. माझी कादंबरी चार महिने चालली होती. त्या प्रतीचा पुठ्ठा दोनदा चिकटवलेला होता आणि पानांच्या कडांना खडूची बोटं उठली होती. मी मुंबईत आणि नाशिकला सह्या केलेल्या आहेत. हातात सुई घेतलेल्या बायकांनी माझं पुस्तक चार महिने ऐकलं, ही गोष्ट मला त्या सगळ्यांपेक्षा मोठी वाटली. आजही वाटते.

ज्या विद्यार्थिनीने ब्लाऊज कापला ती पस्तिशीची होती. नवरा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. ती खिडकीपाशी बसून हुक लावत होती. शनिवारपासून तिच्या हातात कात्री दिली नव्हती.

"सांग यांना," बाई म्हणाल्या. "याच त्या."

तिने सुई कापडात टोचून ठेवली आणि उभी राहिली. "मॅडम बँकेत गेल्या होत्या," ती म्हणाली. "मुझे शक था, साडेआठमध्ये शिलाई पकडायची की नाही. तो मैंने किताब खोली."

"फोन का नाही केलास?" बाईंनी विचारलं.

"तुम्हीच बोलता, सारखं सारखं विचारू नको, लिहिलेलं बघ."

"वहीत लिहिलेलं गं. कादंबरीत नाही."

"वही तर मी लिहिली आहे, मॅडम. उसमें गलती हो सकती है. किताब तो छपी हुई है."

खोलीत कोणीतरी हसलं. बाईंनी वळून पाहिल्यावर हसणं थांबलं. मी त्या विद्यार्थिनीला सांगितलं की पुस्तकात चूक आहे, ती मी केलेली आहे, आणि तिने जसं लिहिलं होतं तसंच कापलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"म्हणजे मी बराबर कापलं?"

"डोकं खाऊ नकोस," बाई म्हणाल्या. "खाली रिक्षा बघ. तिघी जाऊ."

रिक्षात बाईंनी उपाय सांगितला. दोन्ही बगलांत एकेक जोडपट्टी घालायची. त्यासाठी त्याच रंगाचं कापड हवं. साडी फॉल लावायला क्लासवरच आलेली होती. तिच्या आतल्या टोकाची वीतभर पट्टी कापली तर काम होणार होतं. पण साडी गिऱ्हाइकाची, आणि विचारल्याशिवाय तिला कात्री लावता येत नव्हती.

चिंचणीला त्या घरासमोर मांडवाचे बांबू उतरत होते. नवरीची आई ओट्यावर सुपात सुपाऱ्या मोजत बसली होती. तिने बाईंना पाहून विचारलं, "आनलात काय ब्लाऊज?"

बाईंनी सगळं एका दमात सांगितलं. काही लपवलं नाही.

"ल्हान झालाय म्हंजे किती?"

"पाच इंच."

"पाच इंच म्हंजे माज्या पोरीला पन नाय होनार." तिने सूप खाली ठेवलं. "आनि या कोन?"

"या लेखिका. यांच्या पुस्तकात बघून कापला."

"माजा ब्लाऊज यांच्या पुस्तकात कसा?"

मी समजावून सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"तुमी सोता शिवता?"

"शिवते."

"मंग लिवता कशाला?"

बाई हसल्या. शनिवारपासून पहिल्यांदाच हसल्या असाव्यात. मग त्यांनी साडीचं विचारलं. नवरीच्या आईचं उत्तर लगेच आलं. साडी तिच्या भावाने दिलेली होती, लेकीच्या लग्नाला म्हणून, आणि तिला कात्री लागणार नव्हती.

"आतलं टोक आहे हो वहिनी," बाई म्हणाल्या. "कमरेत खोचलं जाईल. कोणाला दिसणार नाही."

"मला म्हाईत असेल ना. भाऊ समोर बसनार हाय माज्या."

दुसऱ्या रंगाची पट्टी घालून मांडवात उभं राहायला नवरीची आई तयार होणार नाही, हे न विचारताही कळत होतं. मांडववाल्याने येऊन तिला काहीतरी विचारलं, ती त्याच्याशी बोलली, परत आमच्याकडे वळली. बाईंनी पदराने मान पुसली.

तेव्हा ती विद्यार्थिनी बोलली. ती पायरीवर उभी होती. "बाही दहा इंच आहे," ती म्हणाली. "चार इंच कमी केली, तर दोन पट्ट्या निघतात. एक इधर, एक उधर."

नवरीच्या आईने बाईंना विचारलं, "हीच काय ती?"

"हीच."

"बाही किती ऱ्हाईल गं?"

"सहा."

"आनि काठ? काठाशिवाय नाय चालनार मला."

"काठ उसवून घेते. मधले चार इंच काढते. काठ परत खाली लावते."

नवरीच्या आईने आपल्या दंडावर चार बोटं ठेवून, ती सरकवत सहा इंचांचा अंदाज घेतला. "कर," ती म्हणाली. "तसापन घाम येतोच हाय आता. पन पुस्तक नाय उघडायचं."

दुपारी एकला आम्ही क्लासवर परत होतो. वर्तमानपत्रात एक नियम होता: ज्याची चूक, त्याने खुलासा लिहायचा. दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्यायचा नाही. मी बाईंना तो सांगितला आणि शिलाई मी करीन, असं म्हटलं. बाईंनी माझ्याकडे एक जुनं अस्तर आणि सुटं कापड टाकलं. मी त्यावर दोन शिलाया मारून दाखवल्या. त्यांनी त्या उजेडात धरल्या आणि मला मशीन दिलं.

कापायचं काम बाईंनी त्या विद्यार्थिनीला सांगितलं. तिने कात्री घेण्याआधी पट्टीचं माप तीन वेळा घेतलं. तिसऱ्या वेळी मोठ्याने म्हणाली, "बगलेत जोड अडीच. माया एक. साडेतीन." तिने कापलं.

पट्ट्या मुंढ्यातून, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईतून, वर बाहीत आणि खाली कमरेपर्यंत जाव्या लागतात. कापड रेशमी असल्यामुळे ते सुईखाली सरकतं. मी आधी हाताने कच्चा टाका घातला, मग मशीन चालवलं. अस्तराचं कापड बाजारातून नवीन आणलं. काठ विद्यार्थिनीने लावला. पाच वाजून दहा मिनिटांनी ब्लाऊज तयार झाला. बाईंनी तो उलटा करून प्रत्येक जोड नखाने चाचपला.

"शिलाई सरळ आहे तुमची," त्या म्हणाल्या. "लिहिताना कसली घाई असते?"

हे माझ्या शिवणकामाबद्दल कोणी जाणत्या व्यक्तीने दिलेलं एकमेव प्रशस्तिपत्र आहे. व्यासपीठावरची मानपत्रं मी कपाटात ठेवली आहेत. हे मला पाठ आहे.

मंगळवारी बाई आणि विद्यार्थिनी ब्लाऊज घालून बघायला चिंचणीला गेल्या. मी तिथे नव्हते. बाईंनी फोनवर सांगितलं की एक हुक सरकवावा लागला, बाकी बदल नाही. त्याच दिवशी मी प्रकाशकांना कळवलं की पुढच्या छपाईत पान एकशे बारावर एक वाक्य घालायचं आहे. त्यांनी विचारलं, एवढ्या एका वाक्यासाठी? मी हो म्हणाले. शिल्लक प्रतींचं काय करायचं, ते मी स्वतः ठरवलं. तेव्हापासून कोणी पुस्तक सहीसाठी पुढे केलं की मी आधी पान एकशे बारा उघडते, समासात ते वाक्य पेनने लिहिते आणि मग पहिल्या पानावर सही करते. रांग हळू सरकते. एका संमेलनात संयोजकांनी दोनदा घड्याळ दाखवलं. वाचक कारण विचारतात. मी सांगते. वसईच्या एका वाचकाने सही नको, फक्त वाक्य लिहा, असं सांगितलं होतं.

बुधवारी लग्नाला आम्हा तिघींना बोलावणं होतं. मुहूर्त दुपारी साडेबाराच्या पुढचा होता. नवरीची आई भावाने दिलेली साडी आणि तो ब्लाऊज घालून मांडवात होती. बाही सहा इंचांवर काठाने संपत होती. भाऊ पुढच्या रांगेत बसला होता. मंगलाष्टकं चालू असताना ती हात वर करून अक्षता टाकत होती. क्लासच्या बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या अक्षता टाकायच्या विसरल्या. त्यांची नजर नवरीच्या आईच्या बगलेकडे होती. विद्यार्थिनीचीही.

जेवणाच्या पंगतीत वाढायला नवरीची आई आमच्या पानांपर्यंत आली. तिच्याबरोबर नात्यातल्या चार-पाच बायका होत्या. तिने जिलेबीचं ताट एकीच्या हातात दिलं आणि उजवा हात वर केला.

"बगा गं," ती म्हणाली, "हितं जोड हाय. दिसतोय काय कोनाला?"

बायका वाकल्या. एकीने चष्मा लावून पाहिलं.

"कुठं हाय?"

"हाय. हिनं घातलाय." तिने विद्यार्थिनीकडे बोट दाखवलं. विद्यार्थिनी माझ्याकडे बोट दाखवू लागली, तेव्हा बाईंनी तिचा हात खाली केला आणि म्हणाल्या, "जेव आता गुपचूप."

चष्मा लावलेल्या बाईंनी विद्यार्थिनीला विचारलं, "कुठं बसता तुमी? बोईसरला?" तिने पत्ता सांगितला.

पाठवणी तीन वाजून दहा मिनिटांनी झाली. नवरीच्या आईने मुलीला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि बराच वेळ सोडलं नाही. गाडी गेल्यावर मी जवळ जाऊन पाहिलं. दोन्ही बाजूंची शिलाई शाबूत होती.